चढाची धास्ती आणि पन्हाळ्याचा रस्ता : सायकलस्वारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोल्हापुरातून सायकलने पन्हाळ्याला निघालेल्यांपैकी अनेकजण वाटेवरच्या वाघबीळच्या आसपास सायकल रस्त्याकडेला आडवी टाकून बसलेले दिसतात. त्यांच्याशी बोलले की बहुतेकांचे म्हणणे एकच असते, "मला चढ जमत नाही." गेली काही वर्षे मी नवख्या सायकलस्वारांना घेऊन या रस्त्याने जातो आहे. पायांत बळच नाही म्हणून थांबलेला माणूस त्यांच्यात मला क्वचितच भेटला. बाकीचे क्रम चुकल्यामुळे थांबलेले असतात. कोणी सपाटीवरच दम घालवलेला असतो, कोणी गिअर उशिरा टाकलेला असतो, कोणी भरल्या पोटी आलेला असतो, आणि पुष्कळांना पुढे गेलेल्या सोबत्याला गाठायचे असते. चढावर मनात येणारी भीती, चिडचिड आणि लाज यांचाही एक ठरलेला क्रम असतो. तो आधी माहीत असला, तर त्या त्या ठिकाणी काय करायचे हे ठरवून ठेवता येते. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरण पन्हाळ्याचे घेतले असले तरी हाच क्रम जोतिबाच्या डोंगरालाही लागू पडतो.

टप्पा १ : धास्ती नेमकी कशाची वाटते ते मोजून पाहावे

घाटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की रस्ता भिंतीसारखा उभा वाटतो. हा नजरेचा चकवा आहे आणि तो सर्वांनाच होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना टेकड्यांचा चढ नजरेने सांगायला लावला होता. तेव्हा पाच अंशांचा चढ लोकांना वीस अंशांच्या आसपास वाटला. पाच अंश म्हणजे शंभर मीटर अंतरात पावणेनऊ मीटर उंची. योग्य गिअर असलेल्या सायकलीवर निरोगी माणूस सरावाने एवढा चढ बसून चढू शकतो. म्हणून पायथ्याशी उभे राहून चढाचा अंदाज बांधू नये. मोबाइलवरील नकाशात चढाची सुरुवात आणि माथा यांची उंची पाहावी, त्यांतला फरक मधल्या अंतराने भागावा आणि शंभराने गुणावे. येणारा आकडा म्हणजे सरासरी टक्के चढ. चार ते सहा टक्के हा दमाने चढण्याचा रस्ता, आठच्या वर गेला की गिअरची परीक्षा, आणि दहाच्या वर एखादे वळण असेल तर त्यासाठी थोडा दम राखून ठेवावा लागतो.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे आणि ते मी प्रत्येक नवख्याला निघण्यापूर्वी सांगतो. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन धरले, तर ते तेवढे वर नेण्यासाठी सुमारे ३१४ किलोज्यूल काम करावे लागते. घाईने चढा की सावकाश, या आकड्यात काही फरक पडत नाही. ते काम किती वेळात उरकायचे, एवढेच आपल्या हातात असते. चाळीस मिनिटांत उरकायचे ठरवले तर केवळ उंचीसाठी सतत १३१ वॉट लागतात, आणि तासाभरात उरकायचे ठरवले तर ८७ वॉट पुरतात. चढ "जमत नाही" असे म्हणणारा माणूस पुष्कळदा तासाभराचे काम वीस मिनिटांत करू पाहत असतो.

तपासणी : निघण्याच्या आदल्या दिवशी चढाची लांबी, एकूण उंची आणि आपण ठरवलेला वेळ हे तीन आकडे कागदावर लिहिलेले असावेत.

टप्पा २ : सायकल चढासाठी तयार करावी

प्रथम गिअर पाहावा. पायडलजवळची सर्वांत लहान चकती आणि मागच्या चाकाची सर्वांत मोठी चकती यांचे दात मोजावेत. दोन्हींचे दात सारखे असतील, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३४ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते. मिनिटाला साठ फेरे मारले तर अशा सायकलीचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येतो, आणि घाटात नेमका हाच वेग हवा असतो. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील तर त्याच साठ फेऱ्यांना ताशी पावणेबारा किलोमीटरचा वेग येतो. आठ टक्क्यांच्या चढावर तेवढ्यासाठी दोनशेहून अधिक वॉट लागतात, जे नवख्याला फार वेळ पेलत नाही. मग तो फेरे कमी करतो, चाळीसवर येतो आणि गुडघ्यांवर सगळा भार घेतो. मागची चकती जास्त दातांची बसवून घेणे हा सर्वांत उपयोगी खर्च आहे. हलकी सायकल घेण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो, कारण ८० किलोंत एक किलो कमी केल्याने चढाचे काम जेमतेम सव्वा टक्का घटते.

साध्या, गिअर नसलेल्या सायकलीवर पन्हाळा चढणारे लोक आहेत आणि त्यांचे मला कौतुक वाटते, परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्याने तसा प्रयत्न करू नये.

त्यानंतर सीटची उंची पाहावी. कोल्हापुरात बऱ्याच सायकली सीट खाली ठेवून चालवल्या जातात, कारण सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकवण्याची सवय असते. सपाटीवर ते खपून जाते, पण चढावर गुडघा पूर्ण उलगडत नाही आणि मांड्या लवकर भरून येतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो.

साखळी पुसून तिला तेल द्यावे, हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत भरावी, आणि ब्रेकचे रबर किती झिजले आहे ते पाहावे. मागचे चाक अधांतरी धरून, पायडल हाताने फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर न्यावी आणि ती चाकाच्या तारांत घुसत नाही ना हे बघावे. ही शेवटची तपासणी बहुतेकजण विसरतात, कारण शहरात तो गिअर कधी वापरलाच जात नाही. नेमका घाटात तो पहिल्यांदा टाकला जातो आणि साखळी तारांत अडकून चाक जागीच आवळले जाते.

इशारा : दुकानातून दुरुस्त करून आणलेली सायकल त्याच दिवशी घाटात नेऊ नये. माझ्या एका सोबत्याची सायकल आदल्या संध्याकाळी दुकानातून आली होती आणि ब्रेकच्या तारेचा स्क्रू पुरता आवळलेला नव्हता. ते चढताना कळण्याचे काहीच कारण नव्हते. उतारावर पहिल्या वळणाआधी ते कळले, आणि रस्त्याकडेच्या मातीत सायकल घातल्यामुळे फक्त कोपर सोलवटण्यावर निभावले.

टप्पा ३ : टेंबलाईवर सराव करावा

पन्हाळ्याआधी किमान तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा शहरातल्याच लहान चढावर सराव करावा. टेंबलाईची टेकडी यासाठी उत्तम आहे. चढ छोटा असल्याने चुकले तर खाली येऊन पुन्हा सुरुवात करता येते. ललिता पंचमीला मात्र तिकडे फिरकू नये, कारण त्या दिवशी कोहळ्याच्या विधीसाठी सगळे कोल्हापूर तिथे लोटलेले असते.

सराव म्हणजे टेकडी जोरात चढणे असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. पहिल्या आठवड्यात फक्त गिअर बदलण्याचा सराव करावा. चढ लागण्यापूर्वी, पाय अजून मोकळे फिरत असतानाच गिअर हलका करायचा, हे हाताच्या इतके अंगवळणी पडले पाहिजे की त्यासाठी विचार करावा लागू नये. उशीर झाला तर काय होते ते एकदा नीट समजून घ्यावे. पायांवर सगळा भार असतो, साखळी ताणलेली असते, आणि तशात पुढची चकती बदलण्यासाठी खटका दाबला जातो. साखळी दातांवर करकरते, क्षणभर चढू की उतरू अशी घुटमळते, आणि मग खाडकन आतल्या बाजूला सांडते. पाय एकदम हलके होतात, पायडल रिकामे फिरते, सायकल मागे सरकू लागते आणि स्वार कसाबसा पाय टेकतो. मग काळ्याकुट्ट झालेल्या बोटांनी साखळी बसवताना त्याच्या मनात चढाविषयी जो राग साठतो, तो खरे तर दोन सेकंदांच्या उशिराचा असतो. गिअर बदलताना अर्ध्या फेऱ्यापुरता पायांचा जोर सैल सोडावा. साखळी अलगद सरकते.

दुसऱ्या आठवड्यात तोच चढ मुद्दाम जितका सावकाश चढता येईल तितका चढावा. ताशी पाच-सहा किलोमीटरच्या खाली तोल राखणे अवघड होते, म्हणून हँडल न हलवता सरळ रेषेत जाण्याचा सराव करावा. तिसऱ्या आठवड्यात चढावर थांबून पुन्हा निघण्याचा सराव करावा. तो कसा करायचा हे टप्पा ७ मध्ये सांगितले आहे.

तपासणी : टेंबलाई न थांबता, वर पोहोचेपर्यंत एखादे सलग वाक्य बोलता येईल इतक्या दमाने, सलग चार वेळा चढता आली की पन्हाळ्याचा दिवस ठरवावा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असणाऱ्यांनी त्याआधी डॉक्टरांना विचारावे.

टप्पा ४ : दिवस, वेळ आणि पोट

दिवस निवडताना रविवार टाळावा. रविवार हा जोतिबाचा वार असल्याने जोतिबाचा रस्ता जिथे फुटतो त्या केर्लीपर्यंत गाड्यांची गर्दी असते, आणि पर्यटकांची वाहने पुढे पन्हाळ्यापर्यंत असतात. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर हा रस्ता सायकलसाठी नाहीच असे समजावे. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येते. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने गडावर जाणारा रस्ताच खचला होता. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आदल्या संध्याकाळी रस्ता सुरू असल्याची खात्री केल्याशिवाय निघू नये. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात ट्रॉल्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. तेव्हा पुरेसे उजाडल्यावरच शहराबाहेर पडावे.

उन्हाचा विचार चढासाठी वेगळा करावा लागतो. सपाटीवर ताशी पंचवीसच्या वेगाने जाताना अंगाला वारा लागतो आणि घाम सुकतो. चढावर आठच्या वेगाने जाताना वारा जवळजवळ लागत नाही, कष्ट मात्र दुप्पट असतात. म्हणून चढावर गुदमरल्यासारखे वाटते, आणि नवख्याला ती छातीची कमजोरी वाटते. ऊन तापण्यापूर्वी माथ्यावर पोहोचणे हाच त्यावरचा उपाय आहे.

पोटाच्या बाबतीत कोल्हापूरकर हमखास चुकतात. शिवाजी पुलाकडे जाताना वाटेत गंगावेस लागते, तिथे दूधकट्ट्यावर समोर धार काढलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला मिळतो, आणि "ताकद येईल" म्हणून तो रिचवला जातो. काहीजण त्याही पुढे जाऊन मिसळ खाऊन निघतात. स्निग्ध पदार्थ पोटातून हळू पुढे सरकतात, आणि तासाभराने घाटात वाकून बसल्यावर ते घशाशी येतात. निघण्याच्या दीड-दोन तास आधी पोहे, चपाती किंवा भाकरी असे साधे खावे. तेवढ्या लवकर उठणे जमत नसेल तर एक केळे आणि थोडा गूळ खाऊन निघावे. सोबत गूळ-शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की घ्यावी. पंचवीस ग्रॅम गुळातून शंभराच्या जवळपास किलोकॅलरी मिळतात आणि तो वितळून खिसा खराब करत नाही, असा माझा अनुभव आहे. पन्हाळ्याची फक्त उंची चढायलाच शरीर तीनशेच्या आसपास किलोकॅलरी जाळते, सपाटीचा खर्च वेगळा.

पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघावे, पण दोन्ही भरलेल्या घेऊन घाट चढू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पहिली बाटली सपाटीवर संपवावी. एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबू घालावे, म्हणजे पायाला वांब येण्याची शक्यता थोडी कमी होते.

टप्पा ५ : शिवाजी पूल ते घाटाचा पायथा

पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, आणि त्यातला बराचसा भाग ऊसशेतीतून जाणारा आहे. चढ कुठे हरायचा हे याच भागात ठरते. पहाटेची थंड हवा, ताजे पाय आणि सोबत चार मित्र असले की वेग आपोआप वाढतो. या भागात इतकाच वेग ठेवावा की शेजारच्याशी सलग गप्पा मारता येतील. गप्पा तुटल्या की वेग कमी करावा. मी स्वतः या भागात कोणालाही पुढे जाऊ देतो, आणि तसे करायला मला बरीच वर्षे लागली.

केर्लीनंतर मान वर करून डोंगराकडे पाहत राहू नये. मनातली धास्ती इथे सर्वांत जास्त असते. अजून चढायला सुरुवात झालेली नसते, डोळ्यांसमोर मात्र अख्खा डोंगर असतो. हातांची पकड घट्ट होते, खांदे कानांकडे सरकतात आणि श्वास वरच्या वर चालतो. खांदे मुद्दाम खाली सोडावेत, हँडलवर बोटे एकदा सैल करावीत आणि पाच-सहा श्वास पोटापर्यंत घ्यावेत. एक लाडू इथेच खावा. चढावर तोंड श्वासात गुंतलेले असते, तिथे चावणे जमत नाही.

तपासणी : पायथ्याशी पोहोचल्यावर "आता परत कोल्हापूरपर्यंत सहज जाता येईल" असे वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल तर त्या दिवशी इथूनच माघारी फिरावे.

टप्पा ६ : चढाचा पहिला किलोमीटर

संपूर्ण लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात.

चढ लागण्यापूर्वी गिअर हलका करावा, इतका हलका की पहिली दोन मिनिटे पाय रिकामे फिरत आहेत असे वाटावे. मिनिटाला साठ ते पंच्याहत्तर फेरे ठेवावेत. सीटवर थोडे मागे बसावे, कोपरे किंचित वाकवावीत आणि हँडल वरच्या बाजूला धरावे, म्हणजे छाती मोकळी राहते. श्रमाला एक ते दहा असे गुण दिले, तर पहिला किलोमीटर पाचच्या वर जाता कामा नये. "हे फारच सावकाश होत आहे" असे वाटणे ही इथे बरोबर असल्याची खूण आहे. स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचण्याची घडी बसायला काही मिनिटे लागतात, आणि त्याआधीच जोर लावला तर मांड्यांत जी जळजळ सुरू होते ती पुढे चढ संपेपर्यंत पुरती उतरत नाही.

आणि इथेच कोल्हापूरची ईर्ष्या आड येते. तालीम असो, फुटबॉलचा सामना असो की गणपतीची मिरवणूक, शेजारच्या पेठेपेक्षा मागे राहायचे नाही हे आपल्या हाडीमाशी भिनलेले असते. त्या ईर्ष्येने या शहरात पुष्कळ चांगली कामे झाली आहेत. चढावर मात्र दुसऱ्याच्या वेगाने जाणे म्हणजे दुसऱ्याच्या हृदयाने आणि दुसऱ्याच्या गिअरने चढू पाहणे आहे. कोणी ओलांडून गेले तर आपल्या पायांचे फेरे मोजावेत. गटाने जाताना आधीच ठरवून घ्यावे की घाटात प्रत्येकाने आपापल्या गतीने जायचे आणि माथ्यावर भेटायचे, आणि सर्वांत अनुभवी माणसाने सर्वांच्या मागे राहायचे.

इशारा : वेग कमी झाला की सायकल नकळत डावी-उजवीकडे हेलकावते. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुम्ही कुठे वळणार हे कळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेपासून हातभर अंतर ठेवून सरळ रेषेत जावे. अगदी कडेने गेल्यास चाक डांबराखाली उतरते आणि तोल जातो.

टप्पा ७ : मधला भाग, चिडचिड आणि थांबणे

पहिला उत्साह ओसरतो आणि माथा अजून दिसत नसतो, तेव्हा मनाची एक विशिष्ट अवस्था येते. सगळ्याचा राग येतो. रस्ता कोणी बांधला, आपण का आलो, हा सोबती सारखा का बोलतो आहे, असे विचार सुरू होतात. माझ्या अनुभवात हा राग मांड्या दुखण्याच्या थोडा आधी येतो आणि पुष्कळदा पाणी किंवा साखर कमी पडल्याची ती पहिली सूचना असते. राग आला की आधी दोन घोट पाणी प्यावे, गुळाचा खडा गालात धरावा, आणि एक गिअर हलका करावा. गिअर शिल्लक नसेल तर फेरे थोडे कमी करावेत.

नजर समोरच्या दहा-पंधरा मीटरवर ठेवावी आणि चढाचे तुकडे करावेत. पुढच्या झाडापर्यंत, मग मैलाच्या दगडापर्यंत, मग वळणापर्यंत. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध घाटात एकवीस वळणांना आकडे दिलेले आहेत, आणि ते खालून वर कमी होत जातात. किती उरले हे कळले की माणूस धीर धरतो. आपल्या घाटातली वळणे पहिल्या खेपेस मोजून ठेवावीत, म्हणजे दुसऱ्या खेपेस तीच पद्धत वापरता येते.

श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास घेण्यापेक्षा पूर्ण सोडण्यावर भर द्यावा, घेणे आपोआप होते. तीन-चार शब्द बोलता येत असतील तर ठीक चालले आहे. एकही शब्द निघत नसेल तर तुम्ही ठरवलेल्यापेक्षा वेगाने जात आहात, मग वेगमापकावर आकडा कितीही लहान दिसो. कधी हेल्मेटच्या पुढच्या पट्टीतून घामाचा थेंब निसटतो, क्षणभर भुवईवर थांबतो आणि सायकलच्या नळीवर टपकन पडतो. एक थेंब आणि दुसरा थेंब यांच्या मध्ये पायांचे किती फेरे होतात ते मोजण्याची मला सवय लागली आहे. अशा किरकोळ मोजणीत मन गुंतले की उरलेला रस्ता मोठा वाटेनासा होतो, आणि मला चढ आवडू लागला तो याच मोजणीमुळे.

तीव्र वळण आले तर ते बाहेरच्या बाजूने घ्यावे, कारण आतल्या कडेला चढ सर्वांत उभा असतो. मात्र वाहन येत असेल तर आपली बाजू सोडू नये. उभे राहून पायडल मारायचे असेल तर आधी गिअर एकने जड करावा, नाहीतर पाय एकदम खाली जातो आणि तोल सुटतो. उभे राहिल्याने पाठीला आणि मांड्यांना आराम मिळतो, पण हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून वीस-तीस फेऱ्यांपेक्षा जास्त उभे राहू नये. ओल्या रस्त्यावर उभे राहणे टाळावे, कारण मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते घसरते.

आता थांबण्याविषयी. चढावर सायकलवरून उतरण्याची आपल्याकडे फार लाज वाटते. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला "काय दादा, दमला व्हय?" असे विचारतो आणि माणूस लाजेपोटी पाच मिनिटे अधिक रेटतो. त्या पाच मिनिटांत पायाला गोळा येतो, आणि मग खरोखरच चालत जावे लागते. मी नवख्यांना सांगतो की पहिल्या खेपेस दोनदा थांबायचे हे घरूनच ठरवून निघा. ठरवून घेतलेल्या थांब्याची लाज वाटत नाही. थांबताना वळणावर थांबू नये. सरळ, दुरून दिसणाऱ्या आणि कडेला जागा असलेल्या ठिकाणी थांबावे. दोन मिनिटांपेक्षा जास्त बसून राहू नये, उभ्याने पाय हलवत राहावे.

पुन्हा निघताना मागून वाहन येत नाही हे पाहून सायकल रस्त्याला थोडी तिरकी करावी, म्हणजे चढ कमी होतो. दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, उजवे पायडल पुढे आणि किंचित वर आणावे, त्यावर वजन टाकतानाच ब्रेक सोडावा आणि सीटवर बसावे. दोन-तीन फेऱ्यांनंतर सायकल सरळ करावी.

इशारा : छातीत दुखणे किंवा दाबल्यासारखे वाटणे, डाव्या हातात कळ, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा उन्हात घाम अचानक थांबून अंगावर काटा येणे यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब थांबून सावलीत बसावे, सोबत्याला सांगावे आणि पुढे चढू नये. छातीतले दुखणे विश्रांतीने लगेच गेले नाही तर १०८ वर फोन करावा.

टप्पा ८ : बुधवार पेठ ते चार दरवाजा

गडाखालच्या बुधवार पेठेची वस्ती लागली की माणसाला पोहोचल्यासारखे वाटते आणि तो जोर लावतो. तो लावू नये. चार दरवाज्यापर्यंतचा, म्हणजे गडात शिरण्याच्या जागेपर्यंतचा, शेवटचा चढ अजून बाकी असतो, आणि नाक्यापाशी वाहने थांबत, वळत असतात. दम लागलेल्या माणसाचे आजूबाजूला लक्ष कमी असते. नाका ओलांडेपर्यंत तोच गिअर आणि तेच फेरे ठेवावेत.

वर पोहोचल्यावर एकदम बसू नये. गडावरच्या सपाट रस्त्याने पाच मिनिटे हलक्या गिअरवर फिरावे. मग घामाने भिजलेला सदरा बदलावा किंवा त्यावर विंडचीटर चढवावे. काहीच आणले नसेल तर वर्तमानपत्राचे जाडसर पान सदऱ्याच्या आत छातीवर ठेवावे. झुणका-भाकर जरूर खावी, पण अर्धीच भाकरी खावी, आणि खाल्ल्यावर अर्धा तास थांबावे.

टप्पा ९ : उतार

चढाची भीती वाटणारे लोक उताराला सुटका समजतात. पडण्याचा धोका मात्र उतारावरच अधिक असतो. चढताना जे ३१४ किलोज्यूल काम केले, ते सगळे उतरताना परत मिळते आणि हवेचा रोध व ब्रेक यांनाच ते जिरवावे लागते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम किंवा ब्रेकची चकती तापते आणि ब्रेकची पकड कमी होते. म्हणून थोडा वेळ दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवावा, मग सोडावेत, पुन्हा लावावेत. वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी करावा. वळणात असताना पुढचा ब्रेक दाबू नये. आतल्या बाजूचे पायडल वर ठेवावे. ते खाली राहिले तर रस्त्याला घासते.

ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेला पाला आणि पावसाळ्यात वळणावर वाहून आलेली खडी, या दोन्हींवरून जाताना हँडल सरळ ठेवावे आणि ब्रेक सोडावा. धुके असेल तर दिवसाही मागचा लाल दिवा लावावा. लोखंडी रिमच्या साध्या सायकलीचा ब्रेक ओल्या रस्त्यावर फार उशिरा लागतो. पाऊस सुरू झाला तर अशी सायकल उतारभर हातात धरून चालत न्यावी.

तपासणी : गड सोडण्यापूर्वी, उभ्या सायकलीचे दोन्ही ब्रेक दाबून ती पुढे ढकलून पाहावी. चाक फिरले तर उतरू नये.

सपाटीवर आल्यानंतर पाय जड वाटतात. केर्लीपर्यंत हलक्या गिअरवर यावे आणि उरलेले पाणी संपवावे. सकाळी टाळलेला गंगावेशीतला दुधाचा पेला आता घ्यायला हरकत नाही, दमलेल्या स्नायूंना त्याचा उपयोगच होतो. घरी गेल्यावर आदल्या दिवशीच्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : पहिला राग कुठे आला, कुठे थांबलो, आणि सर्वांत हलका गिअर कुठे टाकला. पुढच्या खेपेस तो गिअर त्या जागेच्या दोनशे मीटर आधी टाकायचा आणि पाणी रागाच्या जागेच्या आधी प्यायचे. मांड्यांचा ताठरपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन दिवस, पुन्हा घाटात जाऊ नये.